चौथ्या सामन्याची दाढ

"डॉक्टर, सामना सुरूसुद्धा झाला. उपटा पटकन!" दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत पसरत तुपेकाका म्हणाले.

"अहो, ही दाढ ठणठणीत आहे!"

"असू दे. आपली खडकीची हॉकी टीम पहिला सामना जिंकली, तेव्हा मी इथं दाढ काढत होतो. दुसऱ्याला हौसेनं मैदानावर गेलो, तर पोरांनी पाच गोल खाल्ले. तिसऱ्याला पुन्हा दाढ काढली, पुन्हा जिंकलो!"

शेजारच्या खुर्चीत कुणीतरी कण्हलं. काका वळून बघतात तर खडकीचा गोलकीपर विल्सन! पायांना पॅड, गालात कापूस.

काका ताडकन उठून बसले. "अरे, मग गोलमध्ये कोण उभंय?"

"कुणीच नाही. पण काका, मीपण आत्ताच दाढ काढलीय."

काका गंभीर झाले.

"डॉक्टर, माझ्या दोन काढा."