खालचा थर

नवी नातसून पहिल्यांदाच घरी येणार होती. ती व्हिगन, म्हणजे दूध-लोणी वर्ज्य. लोण्याशिवाय बिस्किट? मी चक्रावलेच. तरी नातवाने सांगितलं तस्संच केलं. खाली खोबऱ्याच्या तेलातलं बिस्किट, मध्ये खजुराचं कॅरॅमल, वर काळं चॉकलेट.

"काय सुरेख सुटलं हो ट्रेमधून! काय लावलंत, आजी?" तिने विचारलं.

"लोणी," मी अभिमानाने म्हणाले. "माझी आई सांगायची, आधी ट्रेला लोणी, मग बाकीचं..." आणि जीभ चावली.

नातवाने कपाळावर हात मारला. तिने मात्र सुरी घेतली, कडा कापल्या, बिस्किट अलगद सोडवलं आणि माझ्या बशीत ठेवलं. "खालचा थर तुमचा. वरचे दोन माझे."

मी गोंधळलेच. आमच्या दोघींत पाहुणी नक्की कोण?