बर्लिनमधला मोकळा रविवार

"तिकीट काढलं म्हणजे झालं असं नाई, भाऊ. फलाटावर पेटी असते, तिच्यात घालून ठप्पा मारा लागते. ठप्पा नसला का तिकीट असून बी दंड."

शकुबाई खोब्रागडे अंगणातल्या खुर्चीत ताठ बसून सांगत होत्या. समोर नानाजी. सिंदेवाहीकडचे धानाचे नामांकित शेतकरी. शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यात त्यांचं नाव लागलं होतं. बर्लिनमध्ये पाहणी, बैठका आणि शेवटी एक रविवार मोकळा. त्या रविवारी त्यांना पुनमकडे जायचं होतं. पुनम त्यांची लेक, आणि शकुबाईंची सून.

नातं एवढं सरळ, पण दोघं असे समोरासमोर पहिल्यांदाच बसले होते. पुनमनं शकुबाईंच्या राजदीपशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा "बौद्धाच्या घरी मी पोरगी दिली नाही, ती गेली," असं नानाजींनी गावभर सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद. बायको सीता फोन करायची, तोही गोठ्यात उभं राहून, हळू आवाजात. शकुबाई मात्र हिवाळ्यात बर्लिनला जाऊन पुनमचं बाळंतपण काढून आल्या होत्या. ओळखीपाळखीत ते शहर पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं. लेकीला विचारायची हिंमत नव्हती. म्हणून हा माणूस आज त्यांच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरात आला होता.

शकुबाईंनी त्यांना चहा विचारला नव्हता. नको म्हणायची संधीच त्यांना द्यायची नव्हती. पण दारी आलेला वाट विचारतो म्हटल्यावर वाट सांगायची, आणि सांगायची तर नीट, हा त्यांचा स्वभाव.

"रस्ता ओलांडतानी खांबावर लाल माणूस दिसला का थांबायचं. गाडी नसली तरी थांबायचं. तिथल्या म्हाताऱ्या लय बोलतात. मी बोलणी खाल्ली हायेत. एक अक्षर समजलं नाई, पण समजलं."

नानाजी हसले नाहीत, पण मिशी हलली.

"आन् फुटपाथवर लाल पट्टा दिसन, तो सायकलवाल्याईचा. त्याच्यावर उभे राहू नका. गाडीत मोठ्यानं बोलू नका. रविवारी सारी दुकानं बंद. नातीसाठी काही घ्याचं तर शनिवारीच घेऊन ठेवा."

'नातीसाठी' म्हटल्यावर नानाजींनी खुर्ची उगाच पुढे सरकवली.

"कशी हाय ती?"

"गोरी नाई, काळी नाई. कपाळ तुमच्यावर गेलं हाय. रडते बी तुमच्यासारखीच, हट्टानं." शकुबाईंनी तेवढंच सांगितलं आणि पुन्हा वाट सांगू लागल्या. "पाणी विकत घेऊ नका. तिथी नळाचं पेता येते."

"मंग इथल्या नळाचं बी द्या थोडं," नानाजी म्हणाले.

शकुबाई खुर्चीतून उठल्या. मग आत जाऊन तांब्या-पेला घेऊन आल्या. नानाजींनी पेला तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. पुढचं सांगणं शकुबाईंनी जरा सावकाश केलं.

"टेसनातून निंघाले का मोठ्या रस्त्यानं सरळ जा. औषधाच्या दुकानापासून डावीकडं वळा. पिवळी इमारत दिसन. तिच्यावर नंबर हाय, पण आतल्या घराईले नंबर नसते तिथी. खाली दारापाशी बटनं असतात, एकेका बटनापाशी एकेक आडनाव. आडनाव वाचायचं, बटन दाबायचं. मंग वरून दार उघडतात."

"पुनमच्या बटनापाशी काय लिवलं हाय?"

"खोब्रागडे."

नानाजींनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत हे आडनाव त्यांच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. फोनवर बोलून आल्यावर सीतासुद्धा 'तिकडचे' एवढंच म्हणे.

"तिलेच हाटेलात बोलावलं तर?" ते खालीच पाहत म्हणाले. "सीता फोन करन तिले."

शकुबाईंच्या कानशिलात रक्त चढलं. आवाज मात्र चढला नाही.

"बोलवा. बाप आला म्हटल्यावर पोरगी धावत येईल. पण भाऊ, मंग तुम्ही बर्लिन पाहून याल, लेकीचं घर नाई."

नानाजी उठले. "येतो बाई," म्हणाले आणि गेट ओढून चालते झाले.

शकुबाईंनी खुर्च्या आत घेतल्या. दार लावून कडी घातली. वाईट वाटलं, पण बोलल्याचा पस्तावा नव्हता. पेलाभर पाण्यानं एवढी जुनी गाठ सुटत नसते, हे त्यांना ठाऊक होतं. राजदीपला कळवावं का? नको. पोरांना आशा लावायची आणि मग तीच मोडायची, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. त्या तांब्या-पेला घेऊन मोरीकडे निघाल्या.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. थांबली. आणि पुन्हा वाजली, या वेळी चांगली लांब.

शकुबाईंनी दार उघडलं. समोर नानाजी. बोट अजून बटनावरच होतं आणि नजर त्याच्या वरच्या पाटीवर. शाळेतल्या पोरासारखे ओठ हलवत ते पाटी वाचत होते.

"काही राह्यलं काय, भाऊ?"

"नाई." नानाजींनी बोट काढलं आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "खोब्रागडे वाचून बटन दाबलं. बराबर वाजली ना, विहीणबाई?"