आवाज थांबला की

"खाली... खाली... खाली..."

वॉकीटॉकीतून टकळ्याचा आवाज येत होता आणि क्रेनवाली बाई त्या आवाजावर दांडा हळूहळू दाबत होती. उंचावरच्या केबिनमधून तिला दिसत होता तो फक्त दोर. दोराला टांगलेली काँक्रीटची अख्खी भिंत इमारतीच्या पलीकडे उतरत होती आणि तिथलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिथे टकळ्या उभा होता. त्याचे डोळे तेच तिचे डोळे.

एरवी या माणसाची टकळी सुरू झाली की समोरच्याने कानात बोटं घालावीत. सुरुवातीला तर वॉकीटॉकीवर बायकोचं भांडण, सासूचं दुखणं, सगळं यथासांग व्हायचं, आणि मधेच कुठेतरी एखादं 'खाली'. बाईने त्याला चांगलंच झापलं होतं. "भिंत टेकेपर्यंत एकच शब्द, आणि तो म्हणत राहायचा. तू थांबलास की मी थांबणार."

"खाली... खाली..."

पुढे काहीच नाही.

बाईने दांडा सोडला. भिंत अधांतरी थांबली.

"टकळ्या?"

नुसती खरखर.

"का थांबलीस गं?" हा आवाज साहेबांचा. ते अलीकडच्या ऑफिसात बसलेले. पलीकडचं त्यांनाही दिसत नव्हतं, पण घाई दांडगी.

"त्याचा आवाज थांबला, साहेब."

"अगं, बॅटरी गेली असेल! जरासंच तर राहिलंय. घे खाली."

"नाही घेत."

"इथे गाड्या खोळंबल्यात! खाली घे, नाहीतर उद्यापासून घरी बस."

घर बाईच्या एकटीच्या पगारावर चालत होतं आणि साहेब बोलतील ते करून दाखवणारे. खरंच बॅटरी गेली असली तर? तिने हात दांड्याजवळून उचलला आणि मांडीवर घट्ट दाबून धरला.

"बसते घरी," ती म्हणाली.

पुन्हा खरखर. मग कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास.

"ताई..."

"बोल."

"वेल्डर... भिंतीखाली. चष्मा पडला म्हणून वाकला होता."

"आता कुठेय?"

"निघाला. बाहेर आहे."

बाईने डोळे मिटून घेतले.

"अरे गाढवा, मग ओरडला का नाहीस?" साहेब कडाडले खरे, पण त्यांच्या आवाजातला दम गेला होता.

"ओरडायलाच तोंड उघडलं, साहेब," टकळ्याला रडू फुटलं. "आवाजच निघेना."

मग साहेब म्हणाले, "घ्या बाई, आता खाली घ्या."

बाईने हात मांडीवरून हलवला नाही. टकळ्याचं रडणं थांबायची वाट बघत ती बसून राहिली.