दादाच्या बारा पेट्या

थोरलीचं लग्न झालं, त्या वर्षी माझ्या पेट्यांत मधमाश्यांच्या अळ्या सडू लागल्या आणि एकामागून एक पेट्या ओस पडल्या. कुंपणापलीकडे माझ्या चुलत भावाच्या, दादाच्या, बारा पेट्या मात्र मजेत गुणगुणत होत्या.

"दादाच काहीतरी घालतोय," मी बायकोला म्हणालो.

"भाऊजींना दुसरे उद्योग नाहीत वाटतं?"

"मग त्याच्याच बऱ्या कशा राहिल्या?"

दुपारी दादा बाजाराला गेला. सकाळी आजारी पेटी उघडलेली पटाशी माझ्या कमरेला तशीच होती. तिनेच मी त्याची एकूण एक पेटी उघडली, प्रत्येक चौकट उचकटून पाहिली. विष सापडलं नाही, तशी माझी खात्रीच पटली. त्याने ते घरात लपवलं असणार.

पुढच्या आठवड्यात मधमाश्यांचे डॉक्टर आले. माझी पटाशी त्यांनी चिमटीत धरली.

"काका, हा रोग हिच्यावरून एका पेटीतून दुसरीत जातो. आजारी पेटी उघडल्यावर ही जाळावर धरत होता ना?"



दादाच्या बाराही पेट्या, थोरली पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायच्या आत मेल्या.