सहा नंबरची तार

कंपनीच्या ऑफिसात मशीन टेबलावर ठेवून बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन. वडील जाऊन तीन आठवडे झाले होते.

“मला एकच सांगा, दादा,” त्या म्हणाल्या. “हे किती वेळ वाजत होतं?”

त्या दुपारी वीज गेली आणि मशीन बॅटरीवर आलं. बाई शेजारच्याच खोलीत जरा आडव्या झाल्या होत्या. डोळा लागला. उठल्या तेव्हा बॅटरी संपली होती आणि वडीलही गेले होते.

समोर बसलेल्या, हे मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरना ऑफिसात सगळे मास्तर म्हणत. दुसऱ्याच्या फायलीत एक स्वल्पविराम चुकला तरी हा माणूस फाईल परत पाठवणार, वर चार शब्द सुनावणार. मास्तरांनी मशीनला वायर जोडली आणि आतली नोंद कॉम्प्युटरवर घेतली.

या मशीनच्या पोटात दोन चिप. मोठी चिप पडदा आणि भोंगा सांभाळते. बॅटरीवर आली की वीज वाचवायला झोपून जाते. छोटी जागी राहते. तिला दुसरं कामच नाही: बॅटरीवर नजर ठेवायची, ती उतरली की मोठीला उठवायचं. कुठल्या तारेवरून हाक येईल, हे मोठीला एका फायलीत लिहून द्यावं लागतं. ती फाईल मास्तरांनी लिहिलेली.

छोट्या चिपने इमानेइतबारे काम केलं होतं. एकवीस मिनिटांत त्रेसष्ट हाका. सगळ्या सहा नंबरच्या तारेवर.

मास्तरांनी फाईल उघडली. फायलीत पाच होतं.

पाच मशीनच्या जुन्या सर्किट बोर्डावर बरोबर होतं. नवा बोर्ड आला तेव्हा त्यांनी जुनी फाईल उचलली आणि वरचं नाव तेवढं बदललं. सगळेच तसं करतात, आणि तसं केलं म्हणून मास्तरांनी आजवर कितीजणांना झापलं होतं. तपासणीत हे सापडलं नाही, कारण तपासणीच्या टेबलावर मशीन कायम प्लगला लावलेलं. तिथे मोठी चिप झोपतच नाही.

मास्तरांना स्वतःची किळस आली. अशी मशीनं अजून दोनशे घरांत होती. त्या घरांना आजच फोन करता येणार होता. या घराला काय सांगायचं?

“ताई, हे वाजलंच नाही,” ते म्हणाले. “तुम्ही दाराला कान लावून बसला असतात, तरी काही ऐकू आलं नसतं. चूक माझी आहे. हा आकडा मी लिहिला.”

त्यांनी स्क्रीन बाईंकडे वळवला. ओळींखाली ओळी, आणि त्यातल्या एका पाचावर मास्तरांचं बोट.

“असं कुठे असतं का?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “एका आकड्याने?”

“असतं, ताई. लेखी देतो.”

बाईंनी डोळे पुसले. मग उठून त्यांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला, आजारी माणसाच्या हातावर ठेवतात तसा.

“डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. धाकटी बहीण म्हणाली, वीज गेली त्याला तू काय करणार. आता तुम्ही सगळं स्वतःवर घेताय.” त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. “माणसं चांगली असतात हो, दादा. पण माझी झोप मला माहीत आहे ना.”