जो जिंकेल त्याने

हौसेने ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आमच्या गटाची वेबसाइट नऊ वर्षं मी एकटाच सांभाळत होतो. "सोडतो आता" म्हटलं की सगळे हात जोडायचे, "दादा, तुमच्याशिवाय आहे कोण?" शेवटी मीच नव्या डिझाइनची स्पर्धा लावली आणि नियम घातला, की जो जिंकेल त्यानेच पुढे वेबसाइट सांभाळायची. नावं सचिवांनी झाकून ठेवली आणि सगळ्यांनी मतं दिली. निकालाच्या दिवशी सचिवांचा फोन आला, "अभिनंदन दादा, तुम्हीच जिंकलात!" मी तर भागच घेतला नव्हता.

तेवढ्यात लेक येऊन गळ्यात पडली, "वेबसाइट सुटणार म्हणून तू गप्प गप्प होतास ना बाबा? म्हणून महिनाभर खपून मीच डिझाइन केलं, तुझ्या नावाने!"