डोक्यावरचा सांधा

लेकीच्या ड्रॅग शर्यतीच्या गाडीत अण्णा रोल केज बसवत होते. गाडी उलटली तर छत आत दबू नये म्हणून हा पोलादी पिंजरा. वजन वाढतं म्हणून लेक भांडली, तरी अण्णांनी जाडच पाइप निवडले. आज मात्र डोक्यावरचा शेवटचा सांधा त्यांनी जोडून तिसऱ्यांदा कापला, तेव्हा लेक कावली.

"लोकांच्या गाड्या दोन दिवसांत, आणि माझ्या गाडीला पंधरवडा? अण्णा, पाचला तपासणी बंद. आज शिक्का नाही मिळाला तर उद्याच्या शर्यतीला मी घरी!"

"कच्चं काम तुझ्या डोक्यावर ठेवू का?"

लेकीनं कापलेला तुकडा उचलून उजेडात फिरवला.

"हा तर पक्काच होता, अण्णा."

अण्णांनी नजर चुकवली. तिनं त्यांच्या हातातली वेल्डिंगची गन अलगद काढून घेतली आणि नवा पाइप बसवून सांधा स्वतःच जोडला.

"बघा आता. तुम्हीच शिकवलंय."

अण्णांनी बॅटरीचा झोत सांध्यावर टाकला, नखानं चाचपलं, पुन्हा चाचपलं. एरवी सांधा पक्का निघावा म्हणून हात जोडणारे अण्णा आज मनातल्या मनात विनवत होते, 'देवा, एखादी तरी खोट सापडू दे.'